इंग्लंडच्या छोट्या गावात क्रिकेट क्लबमध्ये कसं शिरायचं

नोकरीसाठी इंग्लंडला आलात आणि लंडन-बर्मिंगहॅम सोडून एखाद्या वीस हजार वस्तीच्या गावात येऊन पडलात तर पहिला हिवाळा खूप जड जातो. चार वाजता अंधार, शेजारी हसून हॅलो म्हणतात आणि दार लावून घेतात. मला त्यातून इथल्या क्लबने बाहेर काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, मे महिन्याची वाट बघू नका. सीझन एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरात संपतो पण ओळखी होतात त्या इनडोअर नेट्समध्ये, जानेवारी ते मार्च, कुठल्यातरी शाळेच्या नाहीतर लेझर सेंटरच्या हॉलमध्ये. प्ले-क्रिकेट नावाची साइट आणि अ‍ॅप आहे, त्यावर गावातला क्लब शोधा आणि सेक्रेटरीला चार ओळींचा मेल टाका. त्यात फुशारकी नको. टेनिस बॉलवर भरपूर खेळलोय, सीझन बॉलवर कमी, असं असेल तर तसंच लिहा, कारण क्लबच्या दोन-तीन टीम असतात आणि थर्ड टीममध्ये तेरा वर्षांचा पोरगा आणि साठीचे आजोबा एकाच स्लिपमध्ये उभे असतात, तुम्हालाही जागा मिळतेच. रजिस्ट्रेशनला पासपोर्ट कुठला, आधी कुठल्या लेव्हलला खेळलात हे विचारू शकतात, खरं सांगा. राज्याकडून वगैरे खेळला असाल तर आधीच बोला, व्हिसाचे नियम आड येऊ शकतात.

खर्च म्हणजे वर्षाची मेंबरशिप आणि वर प्रत्येक मॅचची फी, रक्कम क्लबप्रमाणे बदलते. लगेच महागडी बॅट घेऊ नका, क्लबची किटबॅग असते. स्वतःचं फक्त पांढरे कपडे, स्पाइक्स, जाड स्वेटर आणि सेंटर गार्ड, ज्याला इथे बॉक्स म्हणतात.

आता खेळाचं. एप्रिल-मेमध्ये पिच ओलं असतं, बॉल थांबून येतो आणि हवेत पण हलतो. मुंबईत पावसाळ्यात कांगा लीग खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, बाकीच्यांनी पहिले दोन महिने पुढे झेपावून ड्राइव्ह मारायचा मोह टाळा, उशिरा खेळा, बॉल शरीराजवळ येऊ द्या.

पण खरं सांगू का, तुम्ही किती रन काढता ह्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवर तुमची जागा ठरते. शनिवारी मॅच साधारण दुपारी एकला सुरू होते, चाळीस-पन्नास ओव्हरची, बाहेरगावी असेल तर घरी यायला रात्रीचे नऊ. हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. एकदा ‘येतो’ म्हटलं की जायचंच, शुक्रवारी रात्री नाही कळवलं तर कॅप्टन दहा जणांना घेऊन खेळतो आणि ते कोणी विसरत नाही.

खालच्या डिव्हिजनला बहुतेक वेळा बाहेरचे अंपायर नसतात. बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे उभे राहतात, एकजण स्कोअरबुक लिहितो. दोन्ही शिकून घ्या. खिशात सहा खडे ठेवा, बॉल मोजायला. आणि आपल्याच माणसाचा पाय सरळ मधल्या स्टंपसमोर असेल तर बोट वर करा, समोरच्या टीमचे लोक मॅचनंतर येऊन हात मिळवतात.

मॅचच्या आधी तासभर पोचा. कव्हर्स ओढायचे असतात, बाउंड्रीचे झेंडे लावायचे असतात. हे सगळं बहुतेक मेंबरच करतात, पगारी कोणी नसतं. ग्राउंड बघणारे जे काका असतात त्यांचा शब्द शेवटचा, त्यांना न विचारता पिचवर पाय ठेवू नका.

टी म्हणजे नुसता चहा नाही, दोन इनिंगमधलं खाणं. सँडविच, केक वगैरे. आता बऱ्याच लीगमध्ये ज्याचा त्याने डबा आणायचा. शाकाहारी असाल तर आधी सांगा, हॅम-बीफ असतंच. फिफ्टी काढली किंवा पाच विकेट घेतल्या की सगळ्यांसाठी बिअरचा जग तुम्ही द्यायचा ही जुनी पद्धत आहे, स्वतः ज्यूस प्या, चालतं. पण मॅचनंतर अर्धा तास थांबाच.

आमचा लँकेशायरचा पट्टा तर ह्या क्लबांसाठीच प्रसिद्ध. नेल्सनसारख्या गिरण्यांच्या छोट्या गावात वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइन 1929 पासून खेळला, रिश्टनला आपला सुभाष गुप्ते होता. विनू मांकड 1952 साली इथल्याच हॅसलिंग्डनचा प्रोफेशनल, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा, होता, तिथून त्याला भारताच्या टीमने लॉर्ड्स टेस्टला बोलावलं आणि त्याने 72 आणि 184 काढले, पाच विकेटही घेतल्या. शनिवारी अशा मैदानांवर बॉलिंग टाकताना मला हे आठवतं आणि अंगावर काटा येतो.

मुलं लहान असतील तर पाच ते आठ वयासाठी ऑल स्टार्स नावाचा क्रिकेटचा कार्यक्रम आहे. तिथे मदतीला उभे राहा, नियमित करणार असाल तर डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, करून घ्यावं लागतं.

सप्टेंबरात शेवटची मॅच झाली की एका रविवारी स्टंप, नेट, साइटस्क्रीन सगळं आवरून ठेवतात. त्या दिवशी जा. पुढच्या वर्षी सेकंड टीमकडून खेळशील का, हे मला तिथेच, साइटस्क्रीन ढकलताना विचारलं होतं.