लॅबमध्ये लिनक्स टाकायच्या आधी मराठीचे जुने पेपर उघडून बघा

गोव्यात शाळेत कॉम्प्युटर टीचर म्हणून नवीन लागलात की विंडोज ठेवायचं की लिनक्स ही फुकट, ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, हा विषय लवकरच निघतो. २०२१ ला केअर्स योजना आली, सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आलं, पण मशीन बऱ्याच लॅबमध्ये जुन्याच. त्यात ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप लागते, जी जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसते, म्हणून कोणीतरी सांगणारच, भंगारात काढा. काढू नका! चार जीबी रॅमवर एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपवालं हलकं लिनक्स नीट चालतं, कोडिंगचं स्क्रॅच आणि पायथन, शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्रिस, सगळं येतं, आणि मुलांची तर काळजीच नको, ती पटकन रुळतात.

अडतं ते स्टाफरूममध्ये. मला खरा घाम फुटला तो परीक्षेच्या तोंडावर, मराठीच्या बाईंनी पेन ड्राइव्ह आणला, पेपर लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट) उघडला आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. झालं, सगळा स्टाफ म्हणायला लागला की हे लिनक्स मराठीचं नाही. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो, कारण लिनक्सचा त्यात काही संबंधच नव्हता.

हे नीट समजून घ्या. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये मराठी नसतंच. 'मराठी' असं दिसतं तिथे आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच साठवलेलं असतं, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी चित्र चढवतो. फॉन्ट नाही तर चित्र नाही. विंडोजच्या दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसेल तरी हेच होणार, मोबाइलवरही हेच. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत म हा म म्हणूनच साठतो, मग मशीन कुठलीही असो, आणि शाळेत कोकणीही देवनागरीत लिहितो आपण, म्हणजे कोकणीच्या टीचरचंही काम त्यातच होतं.

कोणी म्हणेल, तो फॉन्टच कॉपी करून लिनक्समध्ये टाका. दिसेल, हो. पण फाइल आतून तशीच राहते, सर्च चालत नाही, आणि बरेच फॉन्ट लायसन्सवाले असतात, ते असे वाटायचे नसतात. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही, पुढच्या टीचरच्या गळ्यात तीच धोंड. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापरा, पण कन्व्हर्ट झालेला पेपर डोळ्यांनी वाचा, 'सर्व' मधला रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर साठते. गणिताच्या पेपरात आकडे तर दोनदा तपासा. छापायला जाणारा पेपर पीडीएफ करूनच द्या. विंडोजच्या मंगल फॉन्टच्या जागी लिनक्सचा लोहित आला की ओळी सरकतात, दोन पानांचा पेपर तीन पानांवर जातो, तेवढ्याने घाबरू नका.

क्रॅक केलेलं ऑफिस मात्र लॅबमध्ये नकोच, सगळे करतात म्हणून सुद्धा नको. मुलाला आपण शाळेत जे शिकवतो ते त्याला घरी फुकट आणि कायदेशीरपणे टाकता आलं पाहिजे, माझ्यासाठी ओपन सोर्सचं सगळ्यात मोठं कारण हेच. केरळात सरकारी शाळा इतकी वर्षं लिनक्सवर चालल्यात त्या शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवलं म्हणून. ऑनलाइन भांडणारे गुरू सोडा, बाजूच्या शाळेतली एखादी टीचर शोधा जी तुमच्या शेजारी बसून प्रिंटर लावून देईल.

परीक्षा जवळ असेल तर आत्ता काहीच बदलू नका. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत लॅब करा, स्टाफरूमची मशीन सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत मराठीच्या बाईंसोबत रोज एक पेपर युनिकोडमध्ये आणत जा. युनिकोड टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरुवातीला त्यांना जड जातो, चिडतील, पण बसेल हात.