डोमेन स्वतःच्या सर्व्हरवर नेताय? डीएनएसच्या या चुका टाळा

सर्व्हर चालू आहे, आयपी टाकला की साइट उघडते, पण डोमेन टाकलं की जुनंच पान नाहीतर एरर. म्हणजे घोळ डीएनएसमध्ये, डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी शोधून देणाऱ्या व्यवस्थेत. मग कोणीतरी सांगतं, अरे प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोचायला) ४८ तास लागतात, थांब जरा. थांबू नका, आधी तुमच्या डोमेनचं उत्तर नक्की देतंय कोण ते बघा. डिग (dig) ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड, तिच्यात डोमेनच्या आधी एनएस (NS) लिहून चालवा, जे नेमसर्व्हर (डोमेनची उत्तरं देणारे सर्व्हर) दिसतील तेच खरे. कितीतरी जण रजिस्ट्रारच्या (डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या) पॅनलमध्ये ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही४ पत्ता) बदलत बसतात आणि नेमसर्व्हर केव्हाच दुसरीकडे वळवलेले असतात, म्हणजे त्या पॅनलला कोणी विचारतच नाही. मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीये.

नेमसर्व्हर बरोबर असतील तर थेट त्यांनाच विचारा, डिगमध्ये ॲट चिन्ह लावून नेमसर्व्हरचं नाव द्यायचं. तिथे नवा आयपी येतोय आणि ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) कडून जुना, तर तुमचं काम झालंय, फक्त कॅशे (साठवलेलं जुनं उत्तर) संपायचाय. किती वेळ ते टीटीएलवर, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचं त्या आकड्यावर, ८६४०० असेल तर २४ तासांपर्यंत. म्हणून टीटीएल सर्व्हर हलवायच्या आदल्या दिवशीच ३०० करून ठेवायचा, नंतर कमी करून काय उपयोग, जुना आकडा सगळीकडे जाऊन बसलेला असतो. आणि हो, रेकॉर्ड बनवायच्या आधीच सारखं उघडून बघत बसलात तर "असं नावच नाही" हे उत्तरसुद्धा कॅशे होतं.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे विसरलेला क्वाड ए (AAAA) रेकॉर्ड, डोमेनचा आयपीव्ही६ पत्ता. माझ्याकडे एकदा मोबाइल डेटावर जुनी साइट आणि वायफायवर नवी असं चालू होतं, दोन दिवस मी एनजिनएक्सची (वेब सर्व्हरची) कॉन्फिग चाळत बसलो. ए रेकॉर्ड बदलला होता, पण क्वाड ए जुन्या सर्व्हरच्याच आयपीव्ही६ वर होता, आणि वायफायवर आयपीव्ही६ नव्हतंच म्हणून तिथे सगळं छान. https चं सर्टिफिकेटही मिळेना, कारण ते फुकट देणारं लेट्स एन्क्रिप्ट क्वाड ए दिसला की आधी आयपीव्ही६ नेच तपासतं. तुमच्या सर्व्हरला आयपीव्ही६ नसेल तर तो रेकॉर्ड सरळ उडवा.

झोन फाइल (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची फाइल) हाताने लिहिताय तर शेवटचा डॉट बघा, पूर्ण नावानंतर तो राहिला की मागे डोमेन परत चिकटतं आणि साइट डॉट कॉम डॉट साइट डॉट कॉम असलं काहीतरी तयार होतं. बदल केल्यावर सीरियल (झोन फाइलचा आवृत्ती क्रमांक) वाढवा, नाहीतर सेकंडरी (झोनची कॉपी ठेवणारा दुसरा नेमसर्व्हर) जुनंच उत्तर देत राहतो. नुसत्या डोमेनवर सीनेम (एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) चालत नाही, ए रेकॉर्डच लावा, सीनेम www ला ठेवा.

सर्व्हर घरीच असेल तर ए रेकॉर्डमध्ये १९२.१६८ वाला आयपी टाकू नका, तो बाहेरून दिसतच नाही. राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरून कोणी येणार नाही, इंटरनेट कंपनीकडे पब्लिक आयपी मागा नाहीतर टनेल लावा. बाहेरून उघडते पण घरच्या वायफायवरून नाही, असं असेल तर बहुतेक वेळा डीएनएस नाही, राउटरला हेअरपिन नॅट (घरातूनच आपल्या पब्लिक आयपीवर जाऊन परत आत येणं) जमत नाहीये.

नेमसर्व्हर बदलताना डीएनएसएसईसी (डीएनएस उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा जुना डीएस रेकॉर्ड (ती सही पडताळायची खूण) आधी काढा, आणि त्याचा टीटीएल संपल्यावरच नेमसर्व्हर बदला. नाहीतर सर्व्हफेल एरर येतं, तेही फक्त ही सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर (लोकांसाठी आयपी शोधून देणारे ८.८.८.८ सारखे सर्व्हर), म्हणजे निम्म्यांना साइट दिसते आणि निम्म्यांना नाही, मग वाद घाला. एमएक्स (मेल कुठे जायचा ते सांगणारा रेकॉर्ड) पण नवीन झोनमध्ये कॉपी करा, साइटच्या नादात लोक मेल घालवतात.

सगळीकडे चालतंय, डिगही नवा आयपी देतंय, फक्त तुमच्याच लॅपटॉपवर जुनी साइट? हॉस्ट्स फाइल उघडा, तुमच्याच कॉम्प्युटरवरची नाव आणि आयपीची यादी. डिग ती वाचत नाही, ब्राउझरला मात्र तिचंच ऐकावं लागतं, आणि टेस्टिंगसाठी टाकलेली ती ओळ तुम्हीच टाकलेली असते.