आपत्तीच्या नुकसानीचा अंदाज: या क्षेत्रात येणाऱ्या गावाकडच्या मुलांसाठी

सिव्हिल, संख्याशास्त्र किंवा भूगोल शिकलेली हिंगणघाट, दर्यापूर, ब्रह्मपुरीकडची मुलं मला विचारतात, की कॅट मॉडेलिंगमध्ये, म्हणजे आपत्तीच्या (कॅटॅस्ट्रॉफीच्या) नुकसानीचा संगणकावर अंदाज काढण्यात, काम नेमकं काय असतं आणि ते आपल्याला जमेल का. जमेल. या कामातला जो भाग शहरातल्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागतो, तो तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात.

पूर कधी येणार हे मॉडेल सांगत नाही. ते संगणकात हजारो काल्पनिक वर्षं तयार करतं आणि प्रत्येक वर्षातल्या पुराला, वादळाला, गारपिटीला चार प्रश्न विचारतं: पाणी कुठे किती चढलं, तिथे काय होतं, त्यातलं किती मोडलं, आणि त्यातला विम्याचा वाटा किती. अशी मॉडेल्स 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू झाली. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळात तिथल्या अनेक विमा कंपन्या बुडाल्या, तेव्हा या मॉडेल्सची किंमत सगळ्यांना कळली.

चारांपैकी दुसरा आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण गावांच्या बाबतीत तिथेच माहिती तोकडी पडते. मॉडेलमधल्या घरांच्या यादीत 'ग्रामीण घर' असा एकच प्रकार दिसला की थांबा. आपल्याकडे एकाच घराची पुढची खोली घरकुलातली सिमेंटची आणि मागची मातीच्या भिंतीची, वर कवेलू, असं सर्रास असतं. कमरेएवढं पाणी दिवसभर साचलं तर मागची भिंत बसते, पुढची उभी राहते. गारपिटीत कवेलू फुटतात, टिनाला पोचे पडतात. वादळात मात्र टिनच आधी उडतं. म्हणजे संकट बदललं की त्याच घराचा कच्चेपणा बदलतो. पिकाचं तर तारखेवरही ठरतं. सोयाबीन वावरात हिरवं उभं असताना जो पाऊस सोसतं, तोच पाऊस कापून गंजी लावल्यावर आला तर शेंगेतच दाणा कुजतो. कोणत्या संकटात काय किती मोडतं, याचा तक्ता गावात वाढलेला माणूस जितका नेमका मांडेल, तितका दुसरा कोणी मांडणार नाही.

पहिल्या प्रश्नासाठी ऑगस्ट 2020 चा वैनगंगेचा पूर अभ्यासा. वरच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर हा पूर दिसत नाही. त्यासाठी अख्खं खोरं आणि धरणाचा विसर्ग मॉडेलमध्ये घ्यावाच लागतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. हवामान विभागाचा 1901 पासूनचा चौकटींमधला पावसाचा डेटा मोलाचा आहे, पण त्याची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटरची असते. एका नाल्यावर तासाभरात कोसळलेला पाऊस त्या सरासरीत विरून जातो.

गणित घाबरण्यासारखं नाही. समजा, एका वस्तीत 40 लाखांचं नुकसान करणाऱ्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात एक आहे, आणि 5 लाखांचं नुकसान करणाऱ्याची दहात एक. वार्षिक सरासरी नुकसान, म्हणजे नुकसान गुणिले शक्यता, पहिल्याचं 40 हजार, दुसऱ्याचं 50 हजार. लहान पूर जड ठरला! आणि 'शंभर वर्षांतला पूर' म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं निर्धास्त, असं नव्हे. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के असते. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

शिकायला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि संभाव्यता एवढ्यापासून सुरुवात करा. ओएसिस ही नुकसान मोजणारी प्रणाली मुक्त स्रोत आहे, घरी बसून चालवून पाहता येते. पीक विम्याकडे वळायचं असेल तर उंबरठा उत्पन्न (सरासरी ज्याच्या खाली गेली की भरपाई लागू होते ती पातळी) आणि पीक कापणी प्रयोग (निवडक वावरांत कापणी करून उत्पन्न मोजणं) आधी समजून घ्या. तिथे भरपाई मुख्यतः मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, तुमच्या एकट्याच्या धुऱ्याआतल्या नुकसानीवर नाही. नोकऱ्या बहुतांशी हैदराबाद, नोएडा, बंगळुरूकडे आहेत.

अर्जासोबत दाखवायला प्रमाणपत्रांपेक्षा स्वतःच्या गावाचं छोटं मॉडेल करा. घरं नकाशावर टाका, भिंत आणि छप्पर नोंदवा, म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते मोजा. मग मॉडेलने काढलेली पाण्याची उंची त्या खुणांशी घरागणिक ताडून पाहा, आणि जिथे फरक पडतो तिथे त्याचं कारण लिहा: रस्त्याचा भराव, बुजलेला नाला, नवा पूल. मुलाखत घेणारा त्याच पानावर सर्वांत जास्त वेळ थांबतो.