संविधान सभेत देव हरला? ती चर्चा वाचताना या चुका टाळा

१७ ऑक्टोबर १९४९. राज्यघटनेची उद्देशिका (सुरुवातीचं प्रास्ताविक) संविधान सभेत चर्चेला आली आणि सदस्य ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली : सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. मतं पडली बाजूने ४१, विरोधात ६८. या दोन आकड्यांवरून लोक भलतेच निष्कर्ष काढतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ६८ जणांना नास्तिक ठरवणं. विरोध करणारे सदस्य हृदयनाथ कुंझरू यांचं भाषण उघडून बघा. श्रद्धा ही ज्याची त्याची बाब, त्यात सामूहिक मत कुणावर का लादायचं, असा त्यांचा सवाल होता. उद्देशिकाच विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासनेचं स्वातंत्र्य देते, त्याकडेही त्यांनी बोट दाखवलं. थानू पिल्लेंनाही यात श्रद्धेची सक्ती दिसली. पूर्णिमा बॅनर्जींची विनंती वेगळीच होती : देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. रोहिणीकुमार चौधरी शक्तिपूजकांच्या वतीने विचारत होते, देव घेता तर देवी का नको? हात एकाच बाजूला वर गेले म्हणून कारण एकच होतं असं नसतं. मतमोजणीत कारणं उतरत नाहीत, त्यासाठी भाषणंच वाचावी लागतात.

दुसरी चूक बेरजेची. ४१ आणि ६८ मिळून १०९. फाळणीनंतर सभेची सदस्यसंख्या २९९ होती. त्यामुळे ‘अख्ख्या सभेने देव नाकारला’ हे वाक्य लिहिण्याआधी हात आवरावा.

तिसरी चूक, १९७६ चा चष्मा लावून १९४९ वाचणं. ‘धर्मनिरपेक्ष’ (सेक्युलर) हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आला. त्या दिवशी मसुद्यात तो नव्हताच. के. टी. शहांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिल्या कलमात तो घालायचा प्रयत्न केला होता, तोही फेटाळला गेला. म्हणजे याच सभेने ‘ईश्वर’ही घेतला नाही आणि ‘सेक्युलर’ही नाही. एकच बाजू सांगणारा लेख दिसला की दुसरी तारीख शोधा.

वाचताना क्रम असा ठेवा : आधी दुरुस्तीचा नेमका मजकूर, मग मांडणाऱ्याचं भाषण, मग विरोधकांची, आणि आकडा शेवटी. काही सदस्य हिंदुस्थानीत बोलत. चर्चेच्या इंग्रजी आवृत्तीत त्यांचं भाषांतर असतं, तेव्हा एकेका शब्दावर इमले बांधू नका.

आणि १७ ऑक्टोबरपाशी थांबू नका. राज्यघटनेची तिसरी अनुसूची काढा, त्यात शपथांचे नमुने आहेत. मंत्र्याच्या शपथेत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन पर्याय आहेत. उद्देशिकेत ज्याला जागा मिळाली नाही, तो इथे आहे, पण ज्याच्या त्याच्या मर्जीवर.