बुएनोस आइरेसमध्ये एक आठवडा: या चुका टाळा

सात रात्रींचं हॉटेल बुक केलं की सात दिवस शहर पाहायला मिळेल, असा हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात हातात येतात साडेपाच. मुंबईहून अर्जेंटिनाच्या या राजधानीला थेट विमान नाही. दोहा, आदिस अबाबा, इस्तंबूल यांपैकी कुठल्या तरी वाटेने, बहुधा साओ पाउलोला टेकून, चोवीस तासांहून जास्त प्रवास होतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे असतं. त्यामुळे सुरुवातीला पहाटे तीनला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सातला पापण्या जड होतात. गाव रंगात येतं ते मात्र त्यानंतरच. जेवणासह टँगो शोचं तिकीट काढलं तर जेवण साडेआठच्या आसपास आणि नाच दहाच्या सुमारास सुरू होतो. पहिल्याच रात्रीचं तिकीट काढणं म्हणजे पैसे मोजून खुर्चीत झोपणं. ते चौथ्या-पाचव्या रात्रीसाठी ठेवा.

ठिकाणं बरोबर, वार चुकीचे

फसलेल्या प्लॅनमध्ये ठिकाणांची निवड सहसा चुकीची नसते, वार चुकलेले असतात. इथे कुठला दिवस कशासाठी हे आधीच ठरल्यासारखं आहे, आणि ते न बघता यादी वरून खाली उरकायला घेतली की दोन-तीन दारांवर कुलूप भेटतं.

सर्वांत आधी रविवार मांडा, कारण सान तेल्मो या जुन्या वस्तीतला रस्त्यावरचा बाजार फक्त रविवारी भरतो. प्लासा दे मायो या मुख्य चौकापासून देफेन्सा रस्त्याने दक्षिणेला प्लासा दोर्रेगो या चौकापर्यंत दुकानं लागतात. जुन्या वस्तूंची खरी दुकानं चौकात असतात, रस्त्यावर बराचसा पर्यटकांसाठीचा माल. दहा-अकराला पोचलात तर निवांत बघता येतं, दुपारी एकनंतर खांद्याला खांदा लागतो. आठवडा सोमवार ते शनिवार असा आखला, तर हा बाजार सरळ हुकतो. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधीच कॅलेंडर बघा.

गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायोमध्ये त्या आया गोल फेरी घालतात, ज्यांची मुलं १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत बेपत्ता झाली. १९७७ पासून हे चालू आहे. डोक्यावरचे पांढरे रुमाल ही त्यांची खूण. हा कार्यक्रम नाही, निषेध आहे. लांबून बघा, चेहऱ्यासमोर मोबाईल धरू नका.

सोमवारी राष्ट्रीय कलासंग्रहालय, म्हणजे बेशास आर्तेस, बंद असतं. राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांची पत्नी एविता, तिचं संग्रहालयही बंद. नदीकाठचं कोस्तानेरा सूर अभयारण्य सोमवारी बंद असतंच, शिवाय पावसाच्या दिवशीही. पण मालबा हे लॅटिन अमेरिकन कलेचं संग्रहालय सोमवारी उघडं असतं आणि मंगळवारी बंद. म्हणून सोमवारी मालबा आणि मंगळवारी बेशास आर्तेस, ही जोडी डोक्यात पक्की करून ठेवा. उलटी केलीत तर दोन्ही दिवस वाया. बारोलो इमारत आतून बघायला मार्गदर्शित फेरीच घ्यावी लागते आणि ती आधी बुक करावी लागते. १९०८ साली उघडलेल्या तेआत्रो कोलोनच्या फेऱ्या रोज असतात, पण इंग्रजीतल्या थोड्याच. तिथे जाऊन बघू म्हणणाऱ्याला स्पॅनिश फेरी मिळते.

रेकोलेताच्या दफनभूमीतली चूक वेगळ्या जातीची. साडेचार हजारांहून जास्त समाध्या, त्यांच्यामध्ये बोळ, आणि लोक शोधत असतात ‘पेरोन’ हे नाव. एविता आहे तिच्या माहेरच्या कुटुंबाच्या समाधीत. काळ्या दगडावर ‘फामिलिआ दुआर्ते’ असं लिहिलेलं आहे आणि ती मुख्य रस्त्यावर नाही, एका अरुंद बोळात आहे. नवरा हुआन पेरोन या दफनभूमीत नाहीच. परदेशी पर्यटकांना इथे तिकीट आहे, आणि दार संध्याकाळच्या आधीच लागतं.

नकाशापेक्षा घरांचे आकडे वाचा

‘जवळच दिसतंय’ म्हणून एका दिवशी शहराच्या चार टोकांना जाणं ही पुढची चूक. तिच्यावरचा उपाय पत्त्यातच आहे. इथले रस्ते चौकटीत आखलेले आहेत, एक चौकट साधारण शंभर मीटरची, आणि प्रत्येक चौकटीला घरक्रमांक शंभराने वाढतो. म्हणजे पत्त्यातला आकडा हेच अंतर. कॅफे तोर्तोनी आवेनिदा दे मायो ८२५ वर आणि बारोलो त्याच रस्त्यावर १३७० वर. फरक ५४५, म्हणजे साडेपाच चौकटी, चालत आठ-दहा मिनिटं. टॅक्सी लागत नाही. मात्र मध्ये नऊ जुलै हा महाकाय रस्ता येतो, तो एका सिग्नलमध्ये क्वचितच पार होतो, त्याची दोन मिनिटं धरा.

दुसरी गंमत रिवादाविया रस्त्याची. त्याच्या दक्षिणेला गेलं की बऱ्याच उभ्या रस्त्यांचं नावच बदलतं आणि क्रमांक पुन्हा सुरुवातीपासून मोजले जातात. उत्तरेची रेकोन्किस्ता दक्षिणेला देफेन्सा होते, फ्लोरिदा होते पेरू, काशाओ होते एन्त्रे रिओस. ‘रस्ता संपला, आपण चुकलो’ असं वाटून लोक मागे वळतात, खरं तर ते बरोबर चाललेले असतात. कागदावर हे रस्ते वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेले असतील. इथल्या स्पॅनिशमध्ये दुहेरी ‘एल’चा आणि ‘वाय’चा उच्चार ‘श’ होतो. रस्ता या अर्थी ‘काये’ विचारलंत तर कळेल, पण समोरचा ‘काशे’ म्हणेल, तेव्हा गोंधळू नका.

सुब्ते ही भुयारी रेल्वे मध्य भागासाठी उत्तम. तिची ए लाईन १९१३ ची, लॅटिन अमेरिकेतली पहिली. पण ती रात्री उशिरापर्यंत चालत नाही. दहानंतरच्या कार्यक्रमाहून परत यायचं असेल तर अ‍ॅपवरची गाडी किंवा रेडिओ टॅक्सी धरा. सुब्तेच्या फाटकावर परदेशी कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, बससाठी मात्र सुबे हे भाड्याचं रिचार्ज कार्ड खिशात असू द्या. एकाच कार्डावर सगळ्या कुटुंबाचं भाडं भरता येतं, माणशी एकदा टेकवायचं. ला बोका या बंदराजवळच्या वस्तीला सुब्ते जातच नाही. २९, ६४ आणि १५२ या बस जातात. तिथे कामिनितो ही रंगीत गल्ली आणि लगतच्या दोन-चार गल्ल्या, एवढंच बघायचं, तेही उजेडी. रंगीत पत्र्यांची घरं संपली की मागे फिरा, पुढचं गाव बघायचा मोह टाळा.

‘आलोच आहोत तर’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं

इग्वासू धबधबा, उरुग्वेतलं कोलोनिया, जमलंच तर पॅटागोनिया. सात दिवसांत हे सगळं बसवायला घेतलं की उरतात फक्त विमानतळ. दक्षिण पॅटागोनियाला एका बाजूनेच सव्वातीन-साडेतीन तास विमान लागतं, तो विषयच वेगळा ठेवा. इग्वासूला विमानाने दोन तासांपेक्षा थोडं कमी लागतं, पण तिथे दोन रात्री हव्यातच. सकाळी जाऊन रात्री परत, हा बेत पहिल्या उशीर झालेल्या विमानात बुडतो. आमचं मत विचाराल तर इग्वासू घ्या आणि शहराचे साडेतीन दिवस माना, नाहीतर सगळा आठवडा शहराला द्या. मधला मार्ग नाही.

मग व्हिसा. कोलोनियाला बोट सव्वा तासात नेते, म्हणून लोकांना ते अलिबागला जाऊन येण्यासारखं वाटतं. पण ते दुसरं राष्ट्र आहे, आणि भारतीय पासपोर्टला उरुग्वेचा व्हिसा लागतो. इग्वासूची ब्राझीलकडची बाजू बघायलाही तेच, ब्राझीलचा व्हिसा. आणि अर्जेंटिनाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडल्यावर परत येता येत नाही. अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईतही आहे. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांसाठीचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या मित्राच्या अनुभवावर न जाता अर्ज करताना नव्याने बघा. साओ पाउलोहून पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर सामान घ्यायला ब्राझीलमध्ये बाहेर पडावं लागतं, आणि तिथेही व्हिसा मागतात. स्वस्त पडलेलं ते तिकीट मग मुंबईच्या काउंटरवरच अडतं.

विमानतळही दोन आहेत. परदेशातली बहुतेक विमानं एसेइसाला उतरतात, ते मध्यवस्तीपासून तीसेक किलोमीटर लांब. इग्वासूची बरीचशी विमानं सुटतात ती शहराला चिकटलेल्या आएरोपार्केहून. एकातून दुसऱ्यात जायला गर्दीत दीड तास लागू शकतो. इमिग्रेशन आणि सामान धरलं तर मध्ये पाच तास तरी ठेवा.

परतीच्या विमानतळावर अडवणारी लस

हे निघण्याआधी कुणी सांगत नाही आणि परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर कळतं. पीतज्वर म्हणजे यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आणि इथिओपियाही आहेत. तिकडून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तुम्ही फक्त राजधानीतच फिरलात, हा मुद्दा तिथे चालत नाही. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. बऱ्याच केंद्रांवर ती ठरावीक वारीच देतात आणि नंबर लवकर भरतात. महिनाभर आधी नाव लावा. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हा मुद्दा तिकिटाच्याही आधीचा.

पोटाचं गणित

संध्याकाळी सातला रेस्टॉरंटचं दार ढकललं तर आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील. स्वयंपाकघर आठ-साडेआठला सुरू होतं, स्थानिक लोक साडेनऊ-दहाला जेवतात. मधल्या वेळेला मेरिएंदा असतं, म्हणजे कॉफी आणि मेदियालुना, अर्धचंद्राच्या आकाराचा पाव. शाकाहाऱ्यांनी इथे सावध व्हायचं. मेदियालुना दोन प्रकारची असते, ‘दे मान्तेका’ लोण्यातली आणि ‘दे ग्रासा’ चरबीतली, आणि ही चरबी सहसा गाईची. दिसायला दुसरी जरा सडपातळ आणि कमी गोड. काउंटरवर बोट दाखवून ‘हे द्या’ म्हणू नका, ‘मान्तेका’ हा शब्द पाठ करून जा.

एम्पानादा ही करंजीची बहीणच. तिच्या काठाला मुरड घालतात आणि कुठल्या मुरडीत कुठलं सारण ते दुकानात चित्रांच्या तक्त्यावर लावलेलं असतं. उमिता म्हणजे मक्याचं, केसो इ सेबोशा म्हणजे चीज-कांद्याचं. पण सारण शाकाहारी असलं तरी पारीत चरबीचं मोहन असू शकतं. ‘ला मासा तिएने ग्रासा?’ एवढं विचारा. ‘सिन कार्ने’ म्हणजे इथे ‘बीफ नको’ इतकंच ऐकलं जातं. ताटात कोंबडी नाहीतर हॅम येतं आणि वाढणाऱ्याला आपण चुकलो असं वाटतही नाही. ‘सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो’ अशी सगळी यादी म्हणावी लागते. भरवशाचं पोटभर खाणं हवं तर पिझ्झाचं दुकान गाठा. फुगासेता मागवा, कांदा आणि भरपूर चीज, आणि तिच्यावर फाइना हा तुकडा ठेवून खा. फाइना हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली. पिठलं-भाकरीवर वाढलेल्या जिभेला ती परकी लागत नाही.

पैसा, थोडक्यात

मेन्यूवरचं $ हे चिन्ह पेसोचं आहे, डॉलरचं नाही. आणि १२.५०० म्हणजे साडेबारा हजार, कारण तिथे हजारानंतर टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. पहिल्या दिवशी या दोन्हींमुळे लोक उगाच हबकतात किंवा उगाच खूश होतात. भाव सतत हलतात, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा खर्चाचा तक्ता फेकून द्या. एटीएमचं शुल्क जबर आणि एका वेळी निघणारी रक्कम लहान असते. शंभराच्या डॉलर नोटा न्याल त्या नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या न्या. लहान चेहऱ्याच्या जुन्या नोटांना कमी भाव मिळतो. फ्लोरिदा रस्त्यावर ‘काम्बिओ, काम्बिओ’ ओरडणाऱ्यांना टाळा. हॉटेलचं बिल परदेशी कार्डाने भरलं आणि पासपोर्ट दाखवला तर २१ टक्के कर माफ होतो, मात्र तो आपण मागायचा, आणि बिल छापण्याआधी.

रस्त्यात कुणी अंगावर मोहरीची चटणी किंवा तसलं काही उडवलं आणि दुसरा धावत पुसायला आला, तर थांबू नका. डाग हॉटेलवर धुता येतो. मोबाईल फुटपाथच्या कडेला उभं राहून बघू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात. भिंतीकडे वळा किंवा दुकानात शिरा.

टागोरांसाठी जाणाऱ्यांना एक सांगणं. १९२४ मध्ये आजारी पडल्यावर ते इथे राहिले, ते सान इसिद्रो या उपनगरातल्या मिरालरिओ या बंगल्यात. लोक मात्र त्यांच्या यजमान, लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या घरी, विशा ओकाम्पोला जाऊन ‘टागोर इथे राहिले’ म्हणून फोटो काढतात. घर बघण्यासारखं आहेच, पण रोज उघडं नसतं. रेतिरो स्टेशनहून तिग्रेकडे जाणाऱ्या मित्रे लाईनने बेकार स्टेशनला उतरायचं. तीच गाडी पुढे तिग्रेला, नदीच्या त्रिभुज प्रदेशात नेते. रेतिरो ते तिग्रे तासाभराचं अंतर. शनिवारी दोन्ही जोडून घ्या, म्हणजे रविवार सान तेल्मोला मोकळा राहतो.