हुरड्याच्या ताटातल्या कच्च्या भाजीला कोणती वाईन?

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षाचं. सासर काटोल तालुक्यातलं, संत्र्याचं. डिसेंबर-जानेवारीत वावरात हुरडा असला की नागपूरचे पाहुणे येतात आणि हल्ली कोणी ना कोणी वाईनची बाटली घेऊन येतं. ती बहुतेक वेळा लाल असते. ताटात मात्र मुळा, काकडी, गाजर, टमाटर, पातीचा कांदा नि हरभऱ्याचा घोळाणा, म्हणजे कोवळ्या पाल्याची कच्ची कोशिंबीर. या ताटाला लाल वाईन आणू नका, हे आधीच सांगते.

लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीचं नि बियांचं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरलेलं असतं. मटणाच्या रश्श्यात ते खपून जातं, पण कच्च्या भाजीत तेल-तूप काहीच नसतं, म्हणून जीभ तुरट नि कोरडी पडते. त्यात ठेचा असला तर अल्कोहोलने मिरचीची आग वाढते. धाकट्या भाऊजींनी एकदा मुळा-ठेचा खाऊन वर शिराझ या लाल वाईनचा घोट घेतला आणि ताट बाजूला सारलं. आता मी आधीच कळवते, पांढरी आणा.

सगळं आंबटपणावर ठरतं. थंडीत सकाळी हरभऱ्याचा शेंडा खुडून पाहा. पाल्यावर आंब असते, बोटं चिकट होतात, चाटली तर दात आंबतात. त्या आंबेत मॅलिक आम्ल असतं, तेच द्राक्षातही असतं. ताटापेक्षा वाईन कमी आंबट असली तर ती पाण्यासारखी मचूळ लागते. म्हणून घोळाणा नि टमाटर असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ ही आंबटसर पांढरी वाईन घ्यावी, नाशिककडची सहज मिळते. तिला जो हिरवा वास असतो तो मेथॉक्सिपायराझिन या द्रव्याचा, ढोबळ्या मिरचीतही तोच. त्यामुळे काकडी, सांबार (कोथिंबीर), ढोबळी मिरची तिच्याशी छान जमते.

गाजर जास्त असेल किंवा ठेचा सुटणारच नसेल, तर थोडी गोडसर शेनिन ब्लाँ बरी, तीही पांढरीच. गोडव्याने तिखट निवतं. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, कोरडी (गोड नसलेली) असेल तर चालेल.

मुळा आणि कांदा खरे अडचणीचे. कितीही चांगली वाईन असो, त्यांचा झणका तिला दाबून टाकतो. मी मुळ्याच्या चकत्या मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवते नि पिळून घेते. कांदा चिरून दोन पाण्यांतून काढते. मग शेंगदाण्याचा कूट, जवसाची चटणी आणि वरून कच्चं तेल. मेथीच्या घोळाण्यात तर तेल-मीठ हात आखडून घालूच नका, नाहीतर मेथीचा कडूपणा वाईनमध्येही जाणवतो.

बाटली ८ ते १० अंशांवर असावी. लाईट गेलेली असेल तर बादलीत पाणी, बर्फ नि दोन मुठी खडेमीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत गार होते. ग्लास अर्ध्याच्या आत भरा, वावरातल्या उन्हात वाईन लगेच कोमट होते. उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगली राहते.

आणि इथून पुढे वर्धा जिल्ह्यात जाणार असाल तर उरलेली बाटली गाडीत ठेवू नका, तिकडे दारूबंदी आहे. आमच्याकडेच राहू द्या.