सपाट मुलखाचा पॅनोरमा: हगिनमध्ये क्षितिज सरळ कसं जुळवावं

सह्याद्रीत काढलेला पॅनोरमा थोडा तिरपा जुळला तरी खपून जातो, कारण तिथलं क्षितिजच वरखाली असतं. वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या मातीत तशी सवलत मिळत नाही. पऱ्हाटीच्या वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एकच रेषा धावते. ती जराशी वाकली की नेमकं काय बिघडलं हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण चित्र डोळ्याला खटकतं. म्हणून ‘फोटो टाका, अलाइन दाबा, झालं’ हा सल्ला आपल्या भागात निरुपयोगी आहे.

हगिन हे सुटे फोटो जोडून पॅनोरमा बनवणारं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. उतरवून बसवून घ्या. पुढचं सगळं अ‍ॅडव्हान्स्ड इंटरफेस निवडलात तरच दिसेल.

फोटो काढताना

मोबाइल उभा धरा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, पॅनोरमा मोड वापरू नका, सुटे फोटो काढा. दोन फोटोंत साधारण ३० टक्के भाग सामाईक असावा असं सगळीकडे सांगतात. मोकळ्या वावरात मी ४० टक्के ठेवतो, त्याचं कारण पुढे येईल.

वेळ सकाळची घ्या. एप्रिल-मे महिन्यात दहा-अकरानंतर जमिनीलगतची हवा तापून थरथरते आणि लांबची झाडं, टॉवर, घरांच्या कडा प्रत्येक फोटोत वेगळ्या उमटतात. ज्या लांबच्या वस्तूंवर सगळी जुळणी उभी राहणार त्याच हलल्या, तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

गोल फिरताना मोबाइल हातभर लांब धरून स्वतःभोवती फिरू नका. लेन्स जागच्या जागी राहिली पाहिजे आणि तुम्ही तिच्याभोवती फिरलं पाहिजे. मोबाइलला दोरा बांधून खाली ओळंब्याचं वजन सोडा, जमिनीवर एक खडा ठेवा आणि प्रत्येक फोटोला वजन त्या खड्यावर आहे ना ते बघा. ट्रायपॉडशिवाय इतका भरवशाचा दुसरा उपाय मला माहीत नाही. जवळ काहीच नसेल तर थोडं इकडेतिकडे चालतं, पण चार पावलांवर बाभूळ किंवा कुंपणाची तार असेल तर अजिबात चालत नाही.

मित्राने काढलेले फोटो मागवत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. नेहमीसारखे पाठवले की ते आकसतात आणि त्यातली लेन्सची माहिती पुसली जाते. मग हगिन तुम्हालाच लेन्सचा कोन विचारत बसतं.

कंट्रोल पॉइंट: खरं काम इथे आहे

फोटो भरले की सीपीफाइंड चालवा. दोन फोटोंत सारखे दिसणारे बिंदू ते शोधतं आणि त्या जोड्यांच्या आधारे हगिन फोटो फिरवून एकमेकांवर बसवतं. या पायरीने मलाही बराच काळ छळलं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

वावरात सीपीफाइंडला बिंदू भरपूर सापडतात, पण कुठे? पऱ्हाटीच्या पानांवर, तुरीच्या शेंड्यांवर आणि ढगांवर. पानं वाऱ्याने हलतात, ढग सरकतात, शिवाय पायाजवळची झाडं लेन्स बोटभर सरकली तरी जागा बदलतात. ढगांवरचे बिंदू काढायला हगिनमध्ये सेलेस्ते आहे, ते आधी चालवा. पानांसाठी असं काहीही नाही.

इथे बहुतेक लेख ‘क्लीन कंट्रोल पॉइंट्स’ दाबायला सांगतात. ते बटण काय करतं हे समजून घ्या. सगळ्या बिंदूंची सरासरी चूक काढून त्यापासून फार लांब पडणारे बिंदू ते उडवतं. ग्रामसभेत बहुमत चुकीच्या बाजूला असेल तर ठरावही चुकीचाच होतो, तसंच इथे घडतं. शंभरातले ऐंशी बिंदू पानांवर असतील, तर क्षितिजावरचे वीस चांगले बिंदूच बाहेर फेकले जातात आणि सरासरी चूक मात्र सुंदर दिसते. त्या छोट्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

त्यामुळे हाताने निवडा. कंट्रोल पॉइंट्स टॅबमध्ये एकेक जोडी उघडा आणि चित्राच्या खालच्या भागातले, म्हणजे जवळच्या पिकावरचे सगळे बिंदू काढून टाका. मग लांबच्या, न हलणाऱ्या वस्तूंवर स्वतः बिंदू ठेवा: गावच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा, मोबाइल टॉवरचं टोक, देवळाचा कळस, जिनिंगच्या शेडची कड. प्रत्येक जोडीत असे सहा-सात पुरतात. फक्त ते सामाईक पट्ट्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत पसरलेले हवेत. सगळे एकाच टाकीवर ठोकले तर फोटो त्या टाकीभोवती कसाही झुकू शकतो. सपाट मुलखात वरखाली पसरवायला जागा नसते, आडवं पसरवणं एवढंच हातात असतं, आणि ४० टक्के सामाईक भाग हवा तो याचसाठी.

जवळचं पीक मग नीट जुळणार नाही, अशी शंका येईल. थोडं कमी जुळेल. ते चालवून घ्या. फोटोंचे सांधे मिटवणारं एनब्लेंड पानांच्या गर्दीत सांधा सहज लपवतं, पण तुटलेलं क्षितिज त्याला लपवता येत नाही.

आता ऑप्टिमाइझ, म्हणजे बिंदूंवरून फोटोंची जागा ठरवणं. आधी फक्त पोझिशन्स (फोटोंच्या दिशा), तेही अँकर फोटोपासून, म्हणजे बाकीचे ज्याला धरून बसतात त्या फोटोपासून, टप्प्याटप्प्याने. एफ-३ दाबून बिंदूंचा तक्ता उघडा, अंतरानुसार, म्हणजे चुकीनुसार, मोठी आधी अशी लावा, सगळ्यात वरचे बिंदू एकेक करून तपासा आणि चुकीचे असतील तेवढेच काढा. परत ऑप्टिमाइझ करा. लांबच्या बिंदूंची चूक दोन-तीन पिक्सेलच्या आत आली की पुरे. त्यानंतरच, गरज वाटली तर, व्ह्यू (लेन्सचा कोन) आणि बॅरल (लेन्सची विकृती) जोडा. ‘एव्हरीथिंग’ मात्र निवडू नका. सगळे बिंदू क्षितिजाच्या अरुंद पट्टीत असताना लेन्सची विकृती मोजायला पुरेसा आधार नसतो, हगिन भलतेच आकडे धरतं आणि क्षितिजाची कमान होते.

उभ्या रेषा

फोटो एकमेकांशी जुळले याचा अर्थ ते जमिनीशी जुळले असा नाही. त्यासाठी उभ्या रेषा द्याव्या लागतात. कंट्रोल पॉइंट्स टॅबमध्ये दोन्ही बाजूंना तोच फोटो निवडा, डावीकडे रेषेचं वरचं टोक आणि उजवीकडे खालचं टोक टिपा, प्रकार ‘व्हर्टिकल लाइन’ ठेवा.

कशावर टिपायचं यात मी फार काटेकोर आहे. वावरातला विजेचा खांब घेऊ नका, काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. दीपमाळ वर निमुळती होत जाते, तिची कड उभी नसते. पक्क्या घराचा कोपरा, शाळेची भिंत, देवळाच्या दाराची चौकट घ्या. किमान दोन रेषा हव्यात आणि त्यांच्यात साधारण काटकोनाचं अंतर हवं. एक समोर आणि एक बरोबर पाठीमागे घेतली तर दोन्ही एकच झुकाव सांगतात, दुसऱ्या दिशेचा झुकाव तसाच राहतो.

रेषा दिल्यावर कस्टम पर्यायात अँकर फोटोचा पिच (वरखाली झुकाव) आणि रोल (बाजूचा कल) हेसुद्धा मोकळे करा. यॉ (डावं-उजवं वळण) तेवढा बांधलेला ठेवा. अँकरच जखडून ठेवला तर तुमच्या रेषांचा पूर्ण उपयोग होत नाही. आणि यानंतर प्रीव्ह्यूमधलं ‘स्ट्रेटन’ दाबू नका, ते रेषांनी बसवलेली पातळी मोडून स्वतःच्या अंदाजाने नवी लावतं.

आडव्या रेषांचा मोह टाळा. लोणारला विवराच्या कडेवर उभे राहून लोक पलीकडच्या काठाची पाणरेषा आडवी म्हणून टिपतात आणि सगळं चित्र बिघडवतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. वरून बघताना लांबचा काठ वर आणि जवळचा खाली दिसणारच, ती रेषा खरोखर वळलेली आहे. वैनगंगेचा काठ, धरणाची भिंत, धुरा यांचंही तेच. आडवी रेषा फक्त खऱ्या क्षितिजाला लावा.

उरलेलं

मार्कंड्याच्या देवळांसारखं बांधकाम शंभरेक अंशांच्या आत बसत असेल तर रेक्टिलिनियर प्रोजेक्शन (सरळ रेषा सरळच ठेवणारी मांडणी), त्याहून रुंद दृश्याला सिलिंड्रिकल (नळकांड्यावर गुंडाळल्यासारखी). मधूनच गेलेली बंडी अर्धी दिसत असेल तर मास्क टॅबमध्ये एका फोटोतून तिला वगळा. आकार हगिन सुचवेल, जुना कॉम्प्युटर असेल तर त्याच्या ७० टक्के घ्या. आउटपुट टिफमध्ये काढा, जेपेग नंतर बनवा.

फोटो जोडणी सुरू करण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा. अर्ध्यात लाइट गेली तर नुसती जोडणी परत चालवता येते, हाताने ठेवलेले बिंदू परत ठेवावे लागत नाहीत. प्रोजेक्टच्या पीटीओ फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते आणि बिंदू असतात, म्हणून ती आणि मूळ फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पेनड्राइव्हवर नेताना पूर्ण फोल्डर न्या.